परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांचा ऱ्हास : भारतीय शस्त्र कायद्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा (१८७८ ते २०१९)

प्रस्तावना

शस्त्रबंदीचा इतिहास प्रामुख्याने दोन बाजूंनी लिहिला गेला आहे. एका बाजूला शस्त्रे काढून घेणारे शासन आणि दुसऱ्या बाजूला निःशस्त्र झालेली प्रजा. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला परवानाधारक शस्त्रविक्रेता मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या जुन्या बाजारपेठेत असलेले बंदुकीचे दुकान, भिंतीला साखळीने बांधलेल्या दुनळी बंदुका, काडतुसांची कपाटे आणि विक्रीची जाडजूड नोंदवही हे दृश्य एकेकाळी अपरिचित नव्हते. आज ते दुर्मीळ झाले आहे. हा व्यवसाय कोणत्याही एका कायद्याने बंद केला नाही. तरीही तो आक्रसत गेला. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेतला असून, नियमनाने विक्रेत्याचे गिऱ्हाईक, माल आणि व्यवहार या तिन्ही अंगांवर टप्प्याटप्प्याने मर्यादा कशा आणल्या आणि त्यातून नेमके काय साधले, याचा विचार केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने शस्त्रांवरील नियंत्रण कडक केले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली संमत झालेल्या शस्त्र कायद्याने हे नियंत्रण संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात पक्के केले. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा आहे. शस्त्र बाळगणे, तयार करणे आणि विकणे यांसाठी परवाना अनिवार्य झाला. मात्र युरोपीय आणि अन्य काही वर्गांना नियमांद्वारे सूट मिळाली. या वंशभेदामुळे हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक ठरला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविषयी ठराव केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या मोहिमेत महात्मा गांधींनीही या कायद्याचा उल्लेख ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांमध्ये केला होता.

या राजकीय चर्चेत एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. शस्त्रविक्री परवान्याखाली आणल्यामुळे विक्रेता हा शासनाचा नोंदणी कारकूनच बनला. कोणती बंदूक, कोणत्या क्रमांकाची, कोणाला आणि कोणत्या परवान्यावर विकली, याची नोंद त्याच्याच वहीत होऊ लागली. कलकत्त्यातील मँटन, लायन अँड लायन, रोडा या पेढ्या तसेच मुंबईतील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही या व्यापाराची मोठी केंद्रे होती. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, जमीनदार आणि शिकारी हे त्यांचे गिऱ्हाईक. लहान विक्रेते या मोठ्या पेढ्यांच्या आधाराने जिल्ह्याच्या गावी व्यवसाय करीत.

नोंदवहीचे महत्त्व दोन घटनांच्या तुलनेतून स्पष्ट होते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या आयात मालापैकी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती पडली. कंपनीच्या कारकुनाने जकात कार्यालयातून २०२ पेट्या सोडवून घेतल्या, परंतु गुदामात १९२ पेट्याच पोहोचवल्या. या पिस्तुलांचे क्रमांक कंपनीच्या दफ्तरात नोंदलेले होते. त्यामुळे पुढे हाती लागलेले शस्त्र त्याच साठ्यातील आहे काय, हे शासनाला ताडून पाहता आले. १९१८ च्या राजद्रोह समितीच्या अहवालातही या नोंदींचा उल्लेख आढळतो. याउलट २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर झाडलेल्या गोळ्या लंडनहून गुप्तपणे आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या होत्या. हे शस्त्र देशातील कोणत्याही दुकानातून गेलेले नव्हते, त्यामुळे येथील कोणत्याही विक्रेत्याच्या वहीत त्याचा माग नव्हता. दुकान हे शस्त्रगळतीचे एक संभाव्य द्वार होते, तसेच ते शासनाच्या माहितीचे साधनही होते. पुढील शतकभरात धोरणकर्त्यांनी पहिली बाजू लक्षात ठेवली, दुसरी विसरली.

स्वातंत्र्योत्तर कायदा आणि त्याची चौकट

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून १९६२ च्या नियमांसह अमलात आला. कायद्याचे पालन करणाऱ्या नागरिकाविषयी परकीय सत्तेने बाळगलेला अविश्वास दूर करणे, हा या कायद्यामागील एक घोषित हेतू होता. त्यानुसार परवाना मिळण्याबाबत काही उदार तरतुदी करण्यात आल्या. संरक्षण वा क्रीडा यांसाठी किमान २० इंच नळी असलेली गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, या दोन प्रकारांना कायद्याच्या तेराव्या कलमात अनुकूल स्थान मिळाले. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती. रानडुक्कर, वानर आणि गवे यांच्यापासून भात, नारळ व बागायत राखण्यासाठी तेथे ठासणीची बंदूक घरोघरी परिचित होती. तिच्यासाठी लागणारी दारू, छर्रे आणि केपा यांच्या किरकोळ विक्रीवर लहान विक्रेत्याचा संसार चाले. बंदूक माणूस आयुष्यात एकदा घेतो; दारूगोळ्यासाठी मात्र त्याला वरचेवर दुकानाची पायरी चढावी लागते. या व्यवसायाचे अर्थकारण समजून घेण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गिऱ्हाईक घटले

या व्यवसायाला पहिला मोठा धक्का शस्त्र कायद्याने नव्हे, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिला. संस्थाने विलीन झाल्यावर संस्थानिकांची मागणी आधीच ओसरली होती. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीचा उरलासुरला मार्गही जवळजवळ संपुष्टात आला. वन्यजीवनाच्या दृष्टीने हे पाऊल अपरिहार्य होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शिकारीच्या रायफली, तिची काडतुसे आणि दुरुस्ती हा विक्रेत्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यामुळे नाहीसा झाला. याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमान्वये अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांना नोंदणी करणे बंधनकारक झाले आणि तेथे नवा परवाना देण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागू लागली. ज्या डोंगराळ भागात पीकसंरक्षणाची गरज सर्वाधिक, तेथेच नवे गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले.

दुसरी मर्यादा संख्येची होती. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगण्यास मनाई केली. पंजाबातील अशांततेच्या त्या काळात शासनाची चिंता समजण्यासारखी होती. पण शस्त्रसंग्राहक आणि जुन्या घराण्यांतील मंडळी हे विक्रेत्याचे उत्तम गिऱ्हाईक या मर्यादेमुळे खरेदीदार राहिले नाही. ते अधिकच्या शस्त्रांचे विक्रेते झाले.

माल आटला

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यापारासाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबली. त्यानंतर बाजारात आधीच असलेल्या इंग्लिश, बेल्जियन व अमेरिकन बंदुका हातोहाती फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती त्यांच्या मूळ मोलाशी विसंगत इतक्या वाढल्या. नव्या मालासाठी विक्रेता सरकारी आयुध निर्माणींवर अवलंबून राहिला. इच्छापूरची ०.३१५ रायफल आणि कानपूरचे ०.३२ रिव्हॉल्व्हर ही त्यातील ठळक नावे. मात्र निर्माणीकडे परवानाधारक थेट मागणी नोंदवू शकत असल्याने मध्यस्थ म्हणून विक्रेत्याचे स्थान डळमळीत झाले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन शस्त्रनिर्मिती अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेली, तरी लहान विक्रेत्याची ही मूलभूत अडचण सुटली नाही.

देशी खासगी उत्पादनाची स्थिती बिहारमधील मुंगेर येथे पाहता येते. अठराव्या शतकात मीर कासीमने आपली राजधानी तेथे नेली, तेव्हापासून ही शस्त्रकारागिरांची नगरी. स्वातंत्र्यानंतर तेथील परवानाधारक कारखान्यांना एकनळी व दुनळी बंदुका ठरावीक वार्षिक मर्यादेत बनविण्याची मुभा होती. रायफल वा रिव्हॉल्व्हर बनविण्याची परवानगी नव्हती. परवानाधारकांची पसंती रिव्हॉल्व्हरकडे वळली, तसे मुंगेरच्या बंदुकीला आणि ती विकणाऱ्या दुकानांनाही गिऱ्हाईक उरले नाही. कारखान्यांतील कामगार घटत गेले. त्याच जिल्ह्यातील अवैध शस्त्रनिर्मिती मात्र देशभर कुप्रसिद्ध झाली. वैध व्यवसाय क्षीण झाल्याने कौशल्य नष्ट होत नाही, ते अन्यत्र वळू शकते, हा धडा येथून मिळतो.

व्यवहार आक्रसला

२०१६ च्या शस्त्र नियमांनी १९६२ च्या नियमांची जागा घेतली. परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी आवश्यक ठरली. तत्पूर्वीच राष्ट्रीय माहितीसंच उभारून प्रत्येक परवान्याला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू झाले होते. परवान्यावर काडतुसांच्या खरेदीची मर्यादा नोंदलेली असतेच. ज्या फुटकळ पण नित्य विक्रीवर दुकान तगून होते, तिला या साऱ्यामुळे आणखी कात्री लागली.

२०१९ च्या दुरुस्तीने या प्रक्रियेचा कळस गाठला. मूळ विधेयकात एका व्यक्तीस एकच अग्निशस्त्र बाळगण्याची तरतूद होती. विरोधानंतर ती दोनवर आणण्यात आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. अतिरिक्त शस्त्र एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद या दुरुस्तीत आहे. कायद्याच्या एकविसाव्या कलमातही विक्रेत्याकडे शस्त्र ठेवण्याची सोय आहेच. वारसाहक्काने आलेली, परवान्याचे नूतनीकरण न झालेली आणि आता संख्यामर्यादेमुळे अतिरिक्त ठरलेली शस्त्रे दुकानात येऊ लागली. विकण्याचे ठिकाण ठेवीचे ठिकाण झाले. हा बदल या व्यवसायाच्या ऱ्हासाचे सर्वांत बोलके लक्षण मानावे लागेल.

प्रतिपक्षाचा विचार

विक्रेत्याला केवळ नियमनाचा बळी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या सुमारे २.७८ लाख परवान्यांसंबंधीच्या गैरव्यवहाराचा तपास २०१८ पासून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आहे. त्यात अधिकाऱ्यांबरोबर शस्त्रविक्रेत्यांच्या संगनमताचाही आरोप आहे. असे प्रकार पाहता कडक तपासणीची मागणी अनाठायी म्हणता येत नाही. परंतु तपासणी आणि संकोच या भिन्न गोष्टी आहेत. दोषी विक्रेत्याला शोधण्यासाठी तपासणी लागते, तर सर्व विक्रेत्यांचा व्यवहार अशक्यप्राय केला की प्रामाणिक लहान दुकान आधी बंद पडते. शिवाय गळती केवळ दुकानातूनच होते असे नाही. २०१८ मध्ये मुंगेर परिसरात सापडलेल्या एके-४७ रायफलींचा माग जबलपूरच्या लष्करी शस्त्रभांडारापर्यंत गेला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, यावरूनही परवानाव्यवस्थेच्या बाहेरील शस्त्रांचा प्रश्न किती गंभीर राहिला आहे हे दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांचा ऱ्हास ही एका कायद्याची फलश्रुती नसून वन्यजीव संरक्षण, आयातधोरण, संख्यामर्यादा आणि नोंदणीव्यवस्था यांच्या एकत्रित परिणामातून घडलेली दीर्घ प्रक्रिया आहे. यांतील बहुतेक निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय होते. त्यांचा एकत्रित भार कोणावर पडतो, याचा विचार मात्र झाला नाही. दुसरा, या प्रक्रियेत मोठ्या शहरांतील जुन्या पेढ्यांपेक्षा जिल्हा व तालुका पातळीवरील लहान विक्रेते अधिक भरडले गेले. त्याची झळ पीकसंरक्षणासाठी दारूगोळा घेणाऱ्या सामान्य शेतकऱ्यालाही बसते. तिसरा, वैध विक्री घटल्याने अवैध शस्त्रे घटली, असे अनुमान काढता येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. बंदुकीच्या दुकानातील जुन्या विक्रीवह्या हा ग्रामीण समाजाचा एक दस्तऐवज आहे. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या थरातील माणसाला शस्त्र मिळाले, हे त्यांतून उमगू शकते. राष्ट्रीय माहितीसंच आजच्या परवान्यांची माहिती ठेवतो. तीन पिढ्यांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची नोंद दुकानाच्या वहीतच शोधावी लागेल. दुकान बंद झाले की या वह्या रद्दीत जाण्याचा धोका संभवतो. जिल्हा अभिलेखागारे आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी परवाना प्राधिकाऱ्यांच्या संमतीने, व्यक्तींच्या गोपनीयतेची काळजी घेऊन, त्यांचे जतन करण्याचा प्रयत्न वेळीच केला पाहिजे. शस्त्रविक्रेत्याचा व्यवसाय टिकावा की न टिकावा, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्याच्या वह्या टिकवणे हे मात्र अभ्यासकांचे दायित्व आहे.