मळसूत्राची खाच : दोष हाताचा की घडणीचा?

संगणक उघडू पाहणाऱ्याच्या वाट्यास येणारा एक क्षुद्र, तरी अत्यंत त्रासदायक प्रसंग म्हणजे स्क्रूची खाच झिजून पेचकस तिच्यात नुसताच फिरत राहणे. बोलताना आपण ‘आटे गेले’ असे सरसकट म्हणतो. परंतु येथे भेद करावयास हवा. आटे दांड्यावर असतात, खाच डोक्यावर. आटे गेले म्हणजे स्क्रू धरत नाही. खाच गेली म्हणजे तो सोडत नाही. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या दोषाचा विचार करावयाचा आहे. तो दुरुस्ती करणाऱ्या हाताचा की खाचेच्या घडणीचा, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

आट्यांचे प्रमाणीकरण एकोणिसाव्या शतकातच मार्गी लागले. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचे. आजच्या संगणकातील मीटरमानाचे आटेही ६० अंशांचेच असतात. डोक्यावर मात्र दीर्घकाळ साधी आडवी चीर होती. हातकामाला ती पुरे. परंतु तीत पेचकस आपोआप मध्यावर बसत नाही आणि कडेने सहज घसरतो. जुळणीच्या रांगेत यंत्राने स्क्रू पिळावयाचे ठरताच ही उणीव असह्य झाली.

कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन याने १९०८ मध्ये चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. त्याची पकड उत्तम होती. पण उत्पादनावरील आपला ताबा सोडण्यास तो राजी नसल्याने अमेरिकेत त्याचा प्रसार बेताचाच झाला. पुढे जे. पी. थॉम्प्सन याच्या फुलीच्या खाचेची कल्पना हेन्री फिलिप्स याने विकत घेतली, सुधारली आणि १९३६ मध्ये तिची पेटंटे मिळविली. कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याने ती त्याच सुमारास स्वीकारली. फुलीत पेचकस आपोआप मध्यावर येतो, हा तिचा खरा गुण. तिच्या भिंती उतरत्या आहेत, हा तिचा दोष. पिळण्याच्या बळाचा काही अंश या उतारामुळे पेचकसाला वर उचलतो. वरून पुरेसा दाब नसल्यास तो बाहेर पडतो आणि पडता पडता कडा खरवडतो. प्रत्येक घसरणीगणिक टेकण्याची जागा कमी होते, व पुढची घसरण अधिक सुलभ होते.

स्क्रू अवाजवी घट्ट होऊ नये म्हणून हे मुद्दामच योजले होते, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु १९३६ च्या मूळ पेटंटांत हा हेतू आढळत नाही. पेचकस ठरावीक बळानंतर बाहेर पडावा, हे वैशिष्ट्य म्हणून नोंदलेले दिसते ते अमेरिकन स्क्रू कंपनीला १९४९ मध्ये मिळालेल्या नंतरच्या पेटंटात. म्हणजे आरंभी जो केवळ परिणाम होता, तोच मागाहून हेतू म्हणून सांगितला गेला. परिणामावरून हेतू काढण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावा, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

संगणकात या दोषाला आणखी कारणे मिळतात. स्क्रू जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे. ते सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर बहुधा नायलॉनचा लेप असतो. शिवाय जुन्या जपानी प्रमाणाची फुली दिसावयास फिलिप्ससारखीच असली तरी फिलिप्सचा पेचकस तीत नीट बसत नाही. उभ्या भिंतींची सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच १९६७ मध्ये आली व तिने घसरण पुष्कळच कमी केली. पण १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये ती वापरली गेली तेव्हा तिचा लांब दांड्याचा पेचकस घरोघरी नव्हता. २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीसाठी, आणि पुढे आयफोन ४ साठी, ॲपलने पाच पाकळ्यांची खाच आणली. येथे अडथळा झिजेचा नसून हत्याराच्या दुर्मिळतेचा आहे.

उपायांचा क्रमही या कारणमीमांसेतूनच ठरतो. प्रथम नेमक्या मापाचा पेचकस, वरून भरपूर दाब व सावकाश पीळ. नंतर खाचेत रबराचा पातळ तुकडा. लेपाने धरले असेल तर डोक्याला सोल्डरिंगच्या कावियाचे टोक क्षणभर टेकवावे. डोके वर असल्यास पक्कड पुरते. नवी चीर पाडणे वा डोके ड्रिलने उडविणे हे अखेरचे उपाय. त्यांत धातूचा कीस मुद्रित पट्टीवर पडून शॉर्ट होण्याचे भय असते. डोके गेल्यावर ताण सुटतो, आणि झाकण निघाल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून काढता येतो.

तात्पर्य, दोष बव्हंशी हाताचा नव्हे. रिव्हेट व डिंक यांपासून स्क्रूला वेगळे करणारा गुण म्हणजे तो पुन्हा उघडता येतो. फुलीची खाच मात्र निवडली गेली ती स्क्रू वेगाने लावणाऱ्याच्या सोयीसाठी. वर्षांनंतर तो उघडू पाहणारा त्या निवडीच्या वेळी तेथे उपस्थित नव्हता. वस्तूंचा इतिहास लिहिताना या अनुपस्थित माणसाचीही नोंद घ्यावयास हवी.