गुन्ह्याचे गाव कोणते?

कादंबरीत चोरी घडवायची तर आम्हां लेखकांना आधी जागा ठरवावी लागते. वाडा, खिडकी, मागची बोळ. न्यायाचेही तसेच आहे. गुन्हा घडला तेथल्या कोर्टात खटला, हा जुना नियम. कारण साक्षीदार तेथे आणि पुरावाही तेथेच. पण चोराने गावात पाऊलच टाकले नाही तर?

हा पेच संगणकाने आणला असे पुष्कळांना वाटते. तो जुनाच आहे. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तर पश्चिमेचा नगर जिल्हा इंग्रजांचा. शीव ओलांडली की फौजदार बदले, कोर्टही बदले. देशभरच्या अशा सीमांचा फायदा ठगांनी पूर्वीच घेतला होता. वाटसरू एका राज्यातला, त्याचा खून दुसऱ्यात, मालाची विल्हेवाट तिसऱ्यात! अखेर १८३६ साली कंपनी सरकारने कायदा केला: गुन्हा आमच्या मुलखात होवो वा बाहेर, तो जणू आपल्याच जिल्ह्यात घडला असे धरून कोर्टाने ठगाचा खटला चालवावा. मात्र नुसते टोळीत असणे सिद्ध झाले तरी जन्मभर सक्तमजुरी! कोर्टाचा हात लांब झाला, की तो जपून चालवावा लागतो, हेही तेथेच दिसते.

पुढे फसवणूक टपालाने होऊ लागली. १९७३ च्या फौजदारी संहितेने सांगितले की, पत्र जेथून धाडले किंवा जेथे पोचले, त्यांपैकी कोठेही खटला चालेल. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने आणखी पुढे जाऊन, परदेशात बसून भारतातल्या संगणकाशी खेळणाऱ्यालाही कक्षेत घेतले.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये असेच गेले. पैसे काढले गेले अनेक देशांतल्या यंत्रांतून. पण खटला पुण्यात उभा राहिला आणि २०२३ साली अकरा जण दोषी ठरले.

पण बँकेला वकील असतात. आमच्या ऊसतोड्याला कोण? हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा जिल्ह्यातले हजारो संसार कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतील. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची उचल मोबाइलवरच्या थापेने गेली. फोन आला तेव्हा ते कोल्हापूरकडच्या फडात, बँकेचे खाते बीडला, चोर कुठल्या परराज्यात! दोन ठाण्यांनी त्यांना एकच उत्तर दिले: “हे आमच्या हद्दीत येत नाही.” बिचाऱ्याच्या मजुरीचे दोन दिवस बुडाले.

आता तसे उत्तर देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने टपालाच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक संदेशही घातला आहे: तो जेथून निघाला वा जेथे पोचला, तेथे खटला चालू शकतो. शिवाय हद्द कोणतीही असो, ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठिकाणी पाठवायची. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर कळवायचे, तेही कोठूनही.

मला यातला न्याय साधा वाटतो. चोराला हजार गावे मोकळी असतील, तर लुबाडलेल्याला निदान आपल्या मुक्कामाच्या गावी दाद मागता आली पाहिजे. फराळाला सारे घर जमले असताना एवढे मोठ्याने वाचून दाखवा. कायदा पुस्तकात आला आहे. तो फडापर्यंत पोचायचा आहे.