रोज जवळ ठेवण्यासाठी कॉम्पॅक्ट पिस्तूल कसं निवडतात? महिलांच्या दृष्टीने संपूर्ण माहिती

आपण नेहमी मोबाईल, प्रोसेसर आणि अ‍ॅप यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण प्रश्न तोच आहे: स्पेसिफिकेशन बघून वस्तू निवडता येते का?

माझी मावसबहीण अमेरिकेची नागरिक आहे. ती टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहते आणि घरं विकण्याचं काम करते. अनोळखी ग्राहकाला रिकामं घर दाखवायला ती बऱ्याचदा एकटीच जाते. एक दिवस ताई म्हणाली, "तू सगळ्यांना फोन सुचवतोस ना, मग मला एक पिस्तूल सुचव."

मी फोनसाठी करतो तशीच एक्सेल शीट केली. वजन, लांबी, किती गोळ्या बसतात, किंमत. सगळ्यात लहान आणि हलकं मॉडेल पहिल्या नंबरवर आलं. मग आम्ही शूटिंग रेंजवर गेलो आणि माझी शीट दहा मिनिटांत निकामी ठरली. का, ते पुढे सांगतो.

आधी कायदा समजून घ्या

- टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. परवाना आजही मिळतो आणि दुसऱ्या राज्यात जाताना तो उपयोगी पडतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात.
- शाळेत पिस्तूल नेता येत नाही. निम्म्याहून जास्त कमाई दारूविक्रीतून होते अशा बारमध्येही नाही.
- दुकानातून घेताना फॉर्म 4473 भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते.
- एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून संघराज्याचा कायदा तुम्हाला बंदूक बाळगू देत नाही. रेंजवर हातात घेणंसुद्धा अडचणीचं ठरू शकतं. मी स्वतः एच-1बीवर आहे, म्हणून मी काचेच्या मागे उभा होतो. ग्रीन कार्डधारकांना घेता येतं.
- भारतात शस्त्र कायदा 1959 नुसार परवाना लागतो आणि 9 एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे खालची यादी भारतातल्या खरेदीसाठी नाही.

लहान पिस्तूल चालवायला सोपं असतं का?

नाही. माझी चूक इथेच झाली.

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे धक्का देतं. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. अकरावीचं फिजिक्स आहे हे! त्यात लहान पिस्तुलाच्या मुठीवर करंगळीला जागा नसते, म्हणजे पकड कमी आणि धक्का जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लाइड. पिस्तुलाचा हा वरचा भाग मागे ओढून सोडला की पहिली गोळी नळीत जाते. लहान पिस्तुलात स्प्रिंग छोटी आणि बऱ्याचदा कडक असते. शीटमधल्या एक नंबरची स्लाइड ताईने तीनदा ओढून पाहिली. "अरे, हे मला पूर्ण मागे नेताच येत नाही," ती म्हणाली. जे भरताच येत नाही त्याचं वजन किती कमी आहे, याला काय अर्थ?

तिसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. गोळी सुटल्यावर स्लाइड आपोआप मागे जाते आणि रिकामी केस बाहेर फेकते. त्यासाठी मनगट घट्ट हवं. मनगट ढिलं पडलं तर अख्खं पिस्तूल स्लाइडबरोबर मागे जातं, स्लाइड पूर्ण फिरत नाही आणि केस अडकते. म्हणजे कारखान्यात उत्तम चाललेलं मॉडेल तुमच्या हातात अडकू शकतं.

लोकप्रिय पर्याय

- सिग सॉअर पी365 (2018): 9 एमएम, 10 गोळ्यांचं मॅगझिन, 3.1 इंच नळी, वजन 500 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच फोनएवढं. लपवायला सोपं.
- ग्लॉक 43एक्स (2019): 9 एमएम, 10 गोळ्या. मूठ लांब असल्यामुळे पूर्ण हात बसतो. अंगठ्याची वेगळी सेफ्टी नसते.
- स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस (2021): 9 एमएम, 10 किंवा 13 गोळ्यांची मॅगझिन.
- स्मिथ अँड वेसन शील्ड ईझी .380 (2018): 8 गोळ्या. स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे. मूठ नीट धरल्याशिवाय ते चालत नाही, कारण मुठीत सेफ्टी आहे.
- स्मिथ अँड वेसन 642: 5 गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. स्लाइड ओढायची भानगड नाही, पण ट्रिगर जड आणि धक्का चांगलाच जाणवतो.

.380 आणि 9 एमएम यांच्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच असतो. फरक केसमध्ये आहे: .380 ची केस 17 मिमी, तर 9 एमएमची 19 मिमी. .380 मध्ये ताकद कमी आणि धक्काही कमी. दुकानात "महिलांसाठी खास" म्हणून गुलाबी रंगाचं मॉडेल पुढे केलं, तर रंग सोडून बाकी काय वेगळं आहे ते विचारा.

भरवशाचं आहे हे कसं ओळखायचं?

सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो, "माझ्या लॅपटॉपवर चालतं" हा पुरावा नाही. इथेही तसंच आहे.

1. विकत घेण्याआधी रेंजवर दोन-तीन मॉडेल भाड्याने घेऊन स्वतः चालवा.
2. घेतल्यावर सरावाच्या साधारण 200 गोळ्या चालवा.
3. रोज ज्या गोळ्या भरून ठेवणार, त्यातल्याही किमान 50 चालवा. त्यांच्या टोकाचा आकार वेगळा असतो, त्यामुळे सरावाच्या गोळ्या नीट चालल्या म्हणजे त्या चालतीलच असं नाही.
4. सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा. उदाहरणार्थ, 1 मार्च ते 31 ऑक्टोबर 2020 या काळात बनलेल्या 9 एमएम शील्ड ईझीचा हॅमर तपासण्यासाठी कंपनीने रिकॉल काढला होता. नावाजलेली कंपनी असली तरी तपासायचंच, विशेषतः सेकंडहँड घेताना.

पर्समध्ये ठेवलं तर चालेल का?

ताईचाही पहिला विचार हाच होता. पण पर्स खुर्चीवर राहते, चोरीला जाते, आणि घरी आली की मुलाच्या हाताला लागते. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यात एका दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली, चेनच्या कप्प्याची होती.

ताईचा मुलगा तीन वर्षांचा आहे. हे वाचून ती बराच वेळ गप्प बसली.

म्हणून नियम असा: अंगावर असेल तर ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, आणि अंगावर नसेल तर कुलूपबंद लॉकबॉक्समध्ये. मधली कुठलीही जागा नाही. भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणे ठेवल्यामुळे 17 वर्षांखालील मुलाच्या हाती लागलं, तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे.

शेवटी ताईने काय घेतलं?

शील्ड ईझी .380. माझ्या शीटमध्ये ते चौथं होतं, कारण ते पी365 पेक्षा लांब आहे. पण त्याची स्लाइड तिने दहापैकी दहा वेळा ओढली. लॉकबॉक्स मात्र तिने पिस्तुलाच्या आधी घेतला आणि महिन्यातून दोनदा सराव करायचं ठरवलं.

तिने आणखी एक बदल केला. नवीन ग्राहकाला आता ती आधी ऑफिसमध्येच भेटते, ओळखपत्राचा फोटो घेते आणि घर दाखवताना फोनवरून नवऱ्याला लाइव्ह लोकेशन पाठवते. "पिस्तूल काढायची वेळच येऊ नये, यासाठी हे," ती म्हणाली. हे तर आपण सगळे आजच करू शकतो, त्याला ना परवाना लागतो ना व्हिसा.

तर मित्रांनो, फोन चुकीचा निघाला तर आपण परत करतो. इथे ती सोय नाही. म्हणून शीट करा, जरूर करा, पण शेवटचा कॉलम एकच ठेवा: ज्या हाताने ते चालवायचं आहे, त्या हाताला ते जमतं का?

माहिती उपयोगी वाटली तर अमेरिकेतल्या तुमच्या ताईला किंवा मैत्रिणीला नक्की पाठवा.