‘पराटी तं लावाच लागते’: ढाणकीत बूर्द्यू वाचताना

ढाणकीत पहिल्यांदा मुलाखती घेतल्या तेव्हा एका काकांना विचारलं, एवढा तोटा होतो तर कापूस का लावता? ते म्हणाले, ‘‘मंग काय लावू? पराटी तं लावाच लागते.’’ मी वहीत एकच शब्द लिहिला, ‘हॅबिटस’, आणि मोठं घबाड सापडल्यासारखा घरी आलो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, ‘‘ही सवय लागली कधी?’’ मला सांगता आलं नाही. संशोधनाच्या तयारीत असाल तर ही चूक तुम्हीही करणार, म्हणून सांगतोय.

पिएर बूर्द्यूच्या हॅबिटसला आपण ‘सवय’ म्हणतो आणि तिथंच फसतो. ज्या परिस्थितीत आपण वाढतो ती अंगात मुरते आणि तिच्यातून निघालेला निर्णय आपल्याला स्वतःचा, साधा-सरळ वाटतो, असं त्याचं म्हणणं. या विचाराची मुळं अल्जीरियात आहेत. १९५५ मध्ये तो तिथं सक्तीच्या लष्करी सेवेवर गेला होता. फ्रेंचांनी १८६३ आणि १८७३ च्या कायद्यांनी तिथली सामाईक जमीन फोडून विकण्याजोगी केली होती. शेतकऱ्याचं हिशेबाचं वळण मात्र जुनंच राहिलं होतं.

आता त्याच काळातला वऱ्हाड बघा. १८५३ च्या तहानं निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी. मँचेस्टरला कापूस मिळेना, इथले भाव चढले. त्याच दशकात रयतवारी मोजणी सुरू झाली, जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली. नावावर लागली म्हणजे गहाणही टाकता येऊ लागली! सारा रोखीत, सावकाराचं देणंही रोखीत. ज्वारी घरात खपते. कापूस विकावाच लागतो.

इथं मला मोह झाला. ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा. पलीकडं नांदेड जिल्हा, हिमायतनगर. तो मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. भाषा तीच, सोयरीक दोन्हीकडं, राज्य वेगळं. तुलनेला याहून छान काय हवं? अलीकडं कापूस, पलीकडं नाही, असं दाखवलं की प्रकरण तयार! पण नांदेडचा गावरानी कापूस नावाजलेला, उस्मानशाही मिलसुद्धा तिथलीच. तुलना आपटली, आणि बरंच झालं. नदीनं वेगळं केलं होतं ते पीक नव्हे, जमिनीचा कारभार. निजामाकडं दिवाणी मुलूख वेगळा, सर्फ-ए-खास वेगळा, जहागिरी वेगळ्या; जहागिरी गेल्या थेट १९४९ मध्ये. मी चुकीच्या रकान्यात शोधत होतो.

आणखी एक थर आहे. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, शेजारच्याच पुसद भागातले. सरकार ठरलेल्या भावानं घेणार, हे गृहीत धरून एक पिढी शेती शिकली. पुढं योजना मोडीत निघाली, पण त्या पिढीचा अंदाज बांधायचा ढंग राहिला. परिस्थिती पालटते आणि वळण मागं राहतं, याला बूर्द्यू हिस्टेरेसिस म्हणतो. पण सगळं याच्या माथी मारलं की ‘शेतकऱ्याची मानसिकताच तशी’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण जाऊन बसतो. आत्महत्यांच्या जिल्ह्यात हे बोलणं फार स्वस्त आहे.

काकांचा शब्द मी नीट ऐकलाच नव्हता. ते ‘लावतो’ नाही, ‘लावाच लागते’ म्हणाले होते. दुसऱ्या खेपेला ‘का लावता’ असं विचारलं नाही. विचारलं, बियाणं कुठून आणता, पैसे कधी देता? त्या उत्तराला दोन तास लागले.