मैदानाचे दार

बदलीच्या निमित्ताने बंगळूरास आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कब्बन पार्कजवळच्या चिन्नास्वामी मैदानाकडे ज्याची पावले एकदाही वळली नाहीत, असा गृहस्थ विरळाच. या मैदानाच्या छपरावर २०१५ साली सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी तावदाने बसविण्यात आली. क्रीडाव्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास आवर्जून दाखवावे, असेच हे काम. परंतु ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत याच मैदानाच्या दारांशी ११ जीव चेंगरून गेले. विजेचा हिशेब राखणे सोपे. दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचा हिशेब मात्र सामाजिक इतिहासालाच विचारावा लागतो.

तो विचारणारे एक इतिहासकार, रामचंद्र गुहा, याच शहरात राहतात. भारतीय क्रिकेटचा त्यांनी लिहिलेला इतिहास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक प्रमुख पुरुष आपलाच, बाळू पालवणकर. मूळ गाव कोकणातले पालवण, जन्म १८७६ साली धारवाडचा, जात चांभाराची. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर ते नोकरीस होते. रूळ फिरवावा, खेळपट्टी आखावी, जाळी उभारावी आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी करावी, हे त्यांचे काम. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्यास कधी आली नाही. रूळ ओढणाऱ्या हातांना बॅट कशाला, असाच साहेबांचा विचार असावा!

पुढे आपल्या हिंदू मंडळींनी त्यांना संघात घेतले. आता साहेबांना नावे ठेवण्याची सोय उरत नाही. मैदानावर बाळूंच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मडक्यात मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले, त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या हाती रीतसर कधीच दिले गेले नाही.

१९२० साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. खेळाडूंनी खेळाच्या कारभाऱ्यांना उघड जाब विचारावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांवर मात केली. बाळूंच्या गोलंदाजीचे दिवस तोवर सरले होते.