कॅरोटिड डॉपलर तपासणी

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या किती अरुंद झाल्या आहेत, हे शरीरात सुई वा नळी न घालता ध्वनिलहरींनी पाहण्याची पद्धत. मानेवर जेल लावून प्रोब फिरवतात. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व तिच्या मुळाशी आहे : वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते व त्यावरून वेग काढता येतो. नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते. तसे अरुंद जागी रक्त वेगाने धावते. अंतर्गत कॅरोटिडमध्ये हृदयाच्या आकुंचनावेळचा सर्वोच्च वेग सेकंदाला १२५ सेंमी. गाठतो तेव्हा अरुंदता सर्वसाधारणपणे निम्मी वा अधिक, तर २३० सेंमी.च्या पुढे ७० टक्के वा अधिक समजतात. धमनी जवळजवळ बुजली, की मात्र वेग उलट घटू शकतो आणि नुसत्या आकड्यावर विसंबणारा फसतो. कॅल्शियम साचलेल्या थराची सावलीही चित्र झाकते. अशा वेळी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीचा आधार घेतात. सीटीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य द्यावे लागते. लक्षणे नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची २०२१ मधील शिफारस आहे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींत ही शिफारस सहसा दिसत नाही.