बेब रूथची ती धाव

बेसबॉलमध्ये बेब रूथचे नाव निघते ते त्याच्या उत्तुंग फटक्यांसाठी. पण त्याच्या एका धावेचीही चर्चा अजून थांबलेली नाही.

१० ऑक्टोबर १९२६, न्यूयॉर्कचे यँकी स्टेडियम. वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना. सेंट लुई कार्डिनल्स ३, न्यूयॉर्क यँकीज २. नवव्या आणि शेवटच्या डावात यँकीजचे दोन गडी बाद. तिसरा गेला की खेळ संपला. चेंडू ३९ वर्षांच्या ग्रोव्हर अलेक्झांडरच्या हातात. चार चेंडू बाहेर गेल्याने रूथला पहिला बेस फुकट मिळाला. आता फलंदाजीला बॉब म्यूझल, त्याच्यानंतर लू गेरिग.

अलेक्झांडरने चेंडू टाकला आणि रूथ दुसऱ्या बेसकडे धावत सुटला. कॅचर बॉब ओफॅरेलने चेंडू रॉजर्स हॉर्न्सबीकडे फेकला. रूथ बाद, सामना संपला. कार्डिनल्सने पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकली. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर, शेवटची जोडी खेळत असताना समोर दमदार फलंदाज उभा आहे आणि दुसऱ्या टोकाचा गडी चोरटी धाव घेताना धावबाद झाला.

लोकांनी रूथला मूर्ख ठरवले. मला हा निवाडा घाईचा वाटतो. ओफॅरेलची फेक चुकली असती, तर त्याच धावेला आपण जुर्रत म्हटले असते. अंजाम पाहून फैसला करणे हा इतिहास वाचण्याचा आळशी मार्ग आहे. रूथचा हिशेब असा होता: पहिल्या बेसवरून घरी यायला बहुधा दोन फटके लागतील, दुसऱ्यावरून एकही पुरेल, आणि अलेक्झांडरसमोर लागोपाठ दोन फटके मिळणे कठीण.

हिशेब खोटा नव्हता, अपुरा होता. त्यात रूथचा फायदा होता, म्यूझलची संधी नव्हती. आदल्याच दिवशी म्यूझलने अलेक्झांडरविरुद्ध मोठे फटके मारले होते. असा एक फटका बसला असता, तर रूथ पहिल्या बेसवरूनही घरी येऊ शकला असता.

पुढच्या वर्षी रूथने ६० होमरन मारले आणि यँकीजने पिट्सबर्गला ४-० असे हरवले. रूथला दुसरी संधी मिळाली. म्यूझलची ती खेळी मात्र अर्धीच राहिली. धोका पत्करणाऱ्याला मी एवढेच विचारेन: डाव फसला तर किंमत कोण मोजणार?